केमो पुढे ढकलू का?

"दोन महिने केमो थांबवली तर चालेल का हो? कॅन्सरच्या आधी हॉस्पिटलातला कोविडच गाठेल मला." २०२० साली हा प्रश्न सारखा यायचा. इथे विचारणाऱ्या बाईंचं स्तनाचं ऑपरेशन झालेलं, चारपैकी दोन केमो झालेल्या आणि तिसरी आठ दिवसांवर आलेली.

भीती खोटी नव्हती. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. पण ऑपरेशननंतरची केमो कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशींसाठी असते; तिची तारीख हलवायची का, हे गाठीचा प्रकार आणि टप्पा पाहून ऑन्कोलॉजिस्टच ठरवणार. ओळखीतल्या कुणाला हार्मोनच्या गोळ्यांवर थांबवलं, म्हणून आपल्यालाही थांबता येईल असं नसतं.

मग फाइल काढून हॉस्पिटलच्या फेऱ्या मोजल्या. एका केमोमागे चार: रक्ततपासणी, डॉक्टरांची भेट, केमो आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन. प्रत्यक्ष गेल्याशिवाय भागणार नाही अशी एकच, केमोची. टीमशी बोलल्यावर रक्त घरून गेलं, भेट व्हिडिओवर झाली. इंजेक्शन द्यायला यजमान नर्सकडून शिकले: केमो संपल्यावर २४ तास उलटल्याशिवाय द्यायचं नाही, फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. पुढच्या रेडिएशनला पंचवीसऐवजी पंधरा बैठका पुरतील का, हेही डॉक्टरांना विचारायचं म्हणून लिहून घेतलं.

खरी गोष्ट बोलता बोलता यजमानांच्या तोंडून निसटली. दुसऱ्या केमोच्या दहाव्या दिवशी ताप १००.६ होता. पॅरासिटामॉल दिली, उतरला. कुणाला सांगितलं नाही, कारण "कोविड वॉर्डात टाकतील."

कोविडपेक्षाही धोक्याचं होतं ते हे. 'साधा ताप असेल तर घरीच थांबा' हा साथीतला सल्ला केमो चालू असलेल्यांसाठी नव्हताच. पांढऱ्या पेशी नसल्या की पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही. कधी कधी ताप एवढीच खूण. गोळीनं आकडा उतरतो, जंतू तिथेच राहतात आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, की रात्र असो वा दिवस, आधी केमो वॉर्डला फोन, मग तिकडेच निघायचं. पहिलं अँटिबायोटिक पोहोचल्यापासून तासाभरात जायला हवं. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं तोंडात थर्मामीटर घालायचा नाही. आणि दारावर पहिलं वाक्य 'ताप आहे' असं नको, नाहीतर तेव्हा सरळ कोविडच्या रांगेत उभं करायचे. 'केमोचा अमुक दिवस, ताप इतका' असं म्हणायचं. ते वाक्य त्यांनी कार्डावर लिहून फाइलच्या आत चिकटवलं.

तिसरी केमो ठरल्या तारखेला झाली. नवव्या रात्री ताप १००.५. कार्ड दाखवलं, तासाच्या आत सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. कोविडची तपासणी बाजूला चालूच होती, ती निगेटिव्ह आली. चौथी केमो आठवडाभर लांबली, ती मात्र डॉक्टरांनी रक्ताचे आकडे बघून लांबवली.