नोकरी, तान्हं बाळ आणि पीएच.डी.

बाळ लहान आहे म्हणून बेत गुंडाळू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ची कमाल मुदत ६ वर्षं आहे, स्त्रियांना वर २ वर्षांची सवलत. बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते. पार्ट-टाइम पीएच.डी.ला नोकरीच्या ठिकाणची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते, ती आधी मिळवा.

विषयापेक्षा गाइड महत्त्वाचा. नावाजलेला नसला तरी चालेल, पण मसुदा वेळेत वाचणारा हवा. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून खोदून विचारा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- "रविवारी सलग बसेन." रविवारी पाहुणे येतात हो! रोज पहाटेचा एक तास धरा.
- घरच्यांना गृहीत धरणं. बाळाचं संध्याकाळचं खाणं कोण बघणार, नवऱ्याशी आत्ताच ठरवा. "बघू" चालणार नाही.

विषयाबाहेरचं वाचन मात्र सोडू नका. नुसत्या प्रमोशनसाठी पदवी हवी असेल तर गोष्ट वेगळी.