तुरुंग आणि जामिनावर काम करणाऱ्या संस्थेत 'एक्स्टर्नल अफेअर्स हेड' नेमकं काय करतो? कंपनीच्या पीआरमधून तिकडे जावं का?

तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या पीआरमध्ये आठ वर्षं काढलीत, आता कच्च्या कैद्यांसाठी (म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही अशांसाठी) काम करणाऱ्या एका संस्थेनं हे पद देऊ केलंय, पगार बराच कमी आहे आणि जॉब डिस्क्रिप्शन वाचून काही कळत नाही. न कळणं साहजिक आहे. सात वर्षांपूर्वी मी अशाच एका संस्थेत रुजू झाले तेव्हा मलाही कळलं नव्हतं. त्याआधी मी एका पेपरात कोर्टाच्या बातम्या करायचे.

घरी विचाराल तर आई शेजारच्या काकूंना सांगते, "ती कैद्यांना सोडवते." मी आजवर कुणालाच सोडवलेलं नाही. ते काम आमचे वकील आणि सोशल वर्कर करतात. त्यांना जेलच्या गेटवर, कोर्टाच्या आवारात आणि मंत्रालयात कुणी अडवू नये, ही माझी नोकरी.

म्हणजे काय, ते एका पोराच्या गोष्टीतून सांगते. मोबाइल चोरीची केस. कोर्टानं जामीन मंजूर केलेला, पंधरा हजारांचा, एक जामीनदार. पोरगा बिगारी, राहायचा साइटवरच, गाव दुसऱ्या राज्यात. सातबारा नाही, ओळखीत पगाराची स्लिप असलेला माणूस नाही. जामीन मिळून चार महिने झाले तरी तो आतच. आमच्या सोशल वर्करला तो मुलाकातीच्या जाळीपलीकडून म्हणाला, "मॅडम, माझी बेल झालीय ना? मग मी कोणत्या केसमध्ये आहे आता?" ती संध्याकाळी ऑफिसात आली आणि बराच वेळ चपलाच काढेना, तशीच खुर्चीत बसून राहिली.

या प्रश्नावर कायदा गप्प आहे असं नाही. १९७८मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी एका गवंड्याच्या दहा हजारांच्या जामिनावरून हेच सगळं सांगून ठेवलंय. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालणार नाही असं म्हणणाऱ्या मॅजिस्ट्रेटला त्यांनी चांगलंच सुनावलं होतं. ३१ जानेवारी २०२३ला सुप्रीम कोर्टानं आणखी स्पष्ट केलं: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं जेल अधीक्षकांमार्फत कैद्याला द्या, सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर अटी शिथिल करता येतील का ते कोर्टानं आपणहून बघावं. कागदावर सगळं आहे. पण तो कागद जेलच्या ज्युडिशियल सेक्शनमधल्या बाबूच्या टेबलावर असतो आणि बाबूकडे दिवसाला दीडशे कोर्ट वॉरंटं असतात.

इथून पुढचं काम माझं. अशा एकतीस जणांची यादी आम्ही तयार केली. माझ्यातली जुनी बातमीदार म्हणत होती, दे पेपरला, पहिलं पान आहे. मी दिली नाही. यादी घेऊन आधी प्राधिकरणाच्या सचिवांकडे गेले, मग अधीक्षकांकडे. कच्च्या कैद्यांचा आढावा घेणाऱ्या समितीत जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर, एसपी, प्राधिकरणाचे सचिव आणि अधीक्षक एकत्र बसतात. त्या बैठकीच्या आधी ही यादी प्रत्येकाच्या फाइलमध्ये असावी एवढंच बघितलं. यादीवर संस्थेचं नाव टाकलं नाही, 'जेलकडून प्राप्त माहितीनुसार' असं लिहिलं, म्हणजे वाचणाऱ्याला कुणी चूक काढतंय असं वाटू नये. पोरगा तात्पुरत्या रोख जामिनावर सुटला, दोन हजारांवर. यादीतले सगळे सुटले नाहीत. काहींवर दुसऱ्या केसेस होत्या, दोघांचं पूर्ण नाव कोर्टाच्या आणि जेलच्या रेकॉर्डला वेगवेगळं होतं.

आता तुमच्या पीआरच्या अनुभवाबद्दल. एका गोष्टीत तो कामाला येईल: एकच गोष्ट चार जणांना चार भाषांत सांगायची. गृह विभागात 'अन्याय' हा शब्द मी वापरत नाही. तिथे 'न्यायालयाच्या निर्देशांचे अनुपालन'. कारागृह विभागात 'गर्दी', कारण त्यांच्या डोक्याला तोच ताप आहे. आर्थर रोडमध्ये अधिकृत क्षमतेच्या कितीतरी पट माणसं, अशा ठिकाणी बराकीत झोपायला पाळ्या लागतात. तिथल्या अधिकाऱ्याला कैदी बाहेर गेलेला आपल्याइतकाच हवा असतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४७९नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत, एकाहून जास्त केसेस असल्या तरी अडतं. ऑगस्ट २०२४मध्ये सुप्रीम कोर्टानं हे जुन्या केसेसनाही लागू असल्याचं सांगितलं. त्या आठवड्यात मी अधीक्षकांना 'हक्क' हा शब्द एकदाही न उच्चारता पात्र कैद्यांची नावं शोधायला आमची दोन माणसं दिली.

वरच्या पायरीवर अभिमान चालतो. राज्यांची न्यायव्यवस्था मोजणाऱ्या इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०१९ आणि २०२०च्या क्रमवारीत मोठ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. २०२२मध्ये पहिला नंबर कर्नाटकानं घेतला. एका उपसचिवांना ही ओळ दाखवल्यावर त्यांनी चष्मा वर करून पुन्हा वाचली. सात वर्षांत माझं इतकं यशस्वी भाषण दुसरं झालेलं नाही.

आमदारांचं गणित वेगळं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे होते, म्हणजे चारातले तीन. हा आकडा ऐकून आमदार मान हलवतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५)नं तुरुंगातल्याला मताचा अधिकारच नाही. (आतून निवडणूक मात्र लढवता येते. यावर काय बोलणार.) म्हणून आमदाराकडे कैद्याचं नाही, त्याच्या आईचं नाव न्यावं लागतं. ती मतदारसंघात राहते आणि तारखेला मजुरी बुडवून कोर्टात येते. मग विधानसभेत तारांकित प्रश्न पडतो. 'हे खरे आहे काय?' आणि विभागाचं उत्तर येतं, 'हे अंशतः खरे आहे.' तुम्हाला या दोन शब्दांवर नाचायला शिकावं लागेल. 'अंशतः' म्हणजे सरकारनं लेखी मान्य केलं. त्यावर पुढची दोन वर्षं पत्रव्यवहार करता येतो.

पीआरमधलं जे विसरावं लागेल तेही सांगते, आणि ही माझीच चूक आहे. दुसऱ्या वर्षी एका पत्रकाराला मी एका सुटलेल्या बाईची गोष्ट दिली. नाव बदललं होतं. पण वस्ती, मुलांची संख्या आणि कोणत्या कलमाखाली आत होती, हे तसंच राहिलं. बातमी सुंदर झाली, डोनरनं कौतुक केलं. आठ दिवसांत घरमालकानं तिला खोली खाली करायला सांगितली. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती भांडी पोत्यात भरत होती. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चहा केला. तेव्हापासून माझ्याकडून 'सक्सेस स्टोरी' जात नाही. सीएसआरवाल्यांना, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी बघणाऱ्यांना, हे पटवणं अवघड आहे. कंपनी कायद्यातल्या दोन टक्क्यांतून शाळेच्या भिंती रंगतात. जेलचा प्रस्ताव निघाला की 'लाभार्थींचे फोटो मिळतील ना?' हा प्रश्न येतो. मी नाही म्हणते, चहा संपतो, मीटिंगही.

या कामातलं सगळ्यात अवघड मात्र दुसरंच आहे. जेलमध्ये जाण्याची परवानगी हे आमचं सगळं भांडवल. ती एका पत्रावर असते, पत्राला मुदत असते, आणि एका शेऱ्यानं ती थांबते. एकदा आमच्या सहकाऱ्याचं एक वाक्य एका चॅनेलवर गेलं, चुकीचं नव्हतं, आणि एका जेलनं आमचा प्रवेश अडीच महिने 'विचाराधीन' ठेवला. त्या काळात आतल्या कुणाचा वकालतनामा सही होऊन आला नाही. त्यानंतर एका बराकीतल्या पाण्याच्या तक्रारीवर मी लेखी काहीच केलं नाही, तोंडी सांगत राहिले. पाणी सुरू झालं, पण तीन आठवड्यांनी. आज विचाराल तर तिथे मी एक आठवडा थांबायला हवं होतं, तीन नाही. किती दिवस गप्प बसायचं आणि कोणत्या दिवशी बोलायचं, हे ठरवण्यासाठीच तुम्हाला हा पगार देतायत. बाकीचं कुणीही करेल.

यातून मी एक शिकले. ज्यांना परवानगीचं पत्र नूतनीकरण करायचं नसतं, अशा लोकांशी संबंध चांगले ठेवायचे. तुरुंगांत जातीनुसार कामं वाटली जातात हे पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२०मध्ये लिहिलं, पुढे त्यांनीच याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ला सुप्रीम कोर्टानं राज्यांच्या जेल मॅन्युअलमधले जातिभेदाचे नियम रद्द ठरवले. आमच्यासारख्या संस्थेला झाडूकाम कुणाला देतात ते रोज दिसतं. आम्ही ते याचिकेत घातलं असतं का? खरं सांगायचं तर बोर्डात अजून चर्चा चालू असती.

पैशांबद्दल थोडं. संस्थेला परदेशी निधी असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलीय, आणि तो निधी दुसऱ्या छोट्या संस्थेला देताही येत नाही. तुमचा पगार कोणत्या खात्यातून आणि कोणत्या शीर्षाखाली जाणार ते विचारा. मी विचारलं नव्हतं, दुसऱ्या वर्षी चार महिने अर्ध्या पगारावर काढले.

सरकारी पैसा आहे, तो उचलायला कुणी नाही. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना २०२३पासून आहे: सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत होती. अमली पदार्थ (एनडीपीएस), दहशतवादविरोधी कायदा (यूएपीए), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या केसेस त्यात बसत नाहीत. मी ज्या जिल्ह्यात विचारलं तिथे समिती होती, बैठक झालेली नव्हती, कारण प्रस्तावच आला नव्हता. प्रस्ताव का नाही, तर नमुना कुणी भरायचा हे ठरलं नव्हतं. आम्ही नमुना भरून दिला. या पदावर आलात तर तुमचा मंगळवार असाच जाईल.

ऑफर घ्यायची की नाही ते मी सांगणार नाही, पण सही करण्याआधी दोन गोष्टी करा. त्यांच्या सोशल वर्करबरोबर एक दिवस मुलाकातीच्या रांगेत उभ्या राहा, सकाळी साडेसातला, डबा घेऊन. आणि डायरेक्टरना विचारा: "उद्या आत काही वाईट घडलं आणि बोललो तर परवानगी जाणार, तर फोन कोण उचलणार, तुम्ही की मी?" उत्तराला वेळ लागला तर हरकत नाही. "अशी वेळ येत नाही" असं म्हणाले, तर मात्र कंपनीतच राहा.