नव्या संगणकाला कोणते अँटिव्हायरस घ्यावे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून मागच्या महिन्यात घरासाठी विंडोज ११ असलेला लॅपटॉप घेतला. निवृत्तिवेतनाचे खाते पाहणे, वीजबिल भरणे, जुने फोटो साठवणे आणि नातवाचा अभ्यास एवढाच त्याचा उपयोग आहे. लॅपटॉपमध्ये एका कंपनीचे एक महिन्यापुरते अँटिव्हायरस आधीपासूनच होते. त्याची मुदत संपत आल्याची सूचना रोज उजव्या कोपऱ्यात उमटते. दुकानदार म्हणतात, “सर, तीन वर्षांचे दुसरे टाकून देतो, स्वस्त पडेल.” मुलगा म्हणतो, काहीच घेऊ नका. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या उपयोगासाठी वेगळे अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज नाही, त्यामुळे मुलाचे ऐकावे, मात्र संगणक जसा दुकानातून आला तसाच वापरत राहावा, असा त्याचा अर्थ घेऊ नये.

दुकानदारांचा सल्ला एके काळी अगदी योग्य होता. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये अँटिव्हायरस नव्हते, ते बाहेरून घ्यावेच लागे, आणि त्याच गरजेतून जगभर अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. कैलास काटकर यांच्या पुण्यातील दुरुस्तीच्या व्यवसायातून १९९०च्या दशकात उभे राहिलेले ‘क्विक हील’ हे त्यातले आपल्याकडचे ठळक उदाहरण. परंतु २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ‘डिफेंडर’ हे स्वतःचे अँटिव्हायरस विंडोजमध्येच दिले आहे. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, त्याची मुदत संपत नाही आणि ते विंडोजबरोबर आपोआप अद्ययावत होत राहते. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ या संस्था अशा सॉफ्टवेअरची स्वतंत्र चाचणी घेतात, आणि त्यांच्या चाचण्यांत डिफेंडर आता नावाजलेल्या विकतच्या अँटिव्हायरसच्या पंक्तीला बसते.

मग तुमच्याकडे ते काम का करत नसावे? दुसरे अँटिव्हायरस चालू असले की डिफेंडर आपोआप बाजूला होते, म्हणून. मुदत संपलेल्या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची ओळख मिळणे थांबते, आणि असा पहारेकरी दारात बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही. तेव्हा ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’मध्ये जाऊन ते एक महिन्याचे सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. त्यानंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’समोर हिरवी खूण दिसते का, हे स्वतः पाहावे. ती दिसली की डिफेंडर पुन्हा कामाला लागले. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी मात्र कधीही ठेवू नयेत. माझ्या परिचयातील एका घरी ‘एकापेक्षा दोन बरी’ म्हणून तसे केले होते. दोन्ही सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल तपासू पाहत, आणि सकाळी संगणक सुरू केल्यावर चहा होऊन जाई तरी पडदा जागचा हलत नसे.

आता खरे महत्त्वाचे. विंडोजचे अपडेट पुढे ढकलू नयेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक सॉफ्टवेअरने जगभरातील संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा ज्या त्रुटीतून ते आत शिरले ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले होते, त्यांच्यासाठी ते दार बंद झाले होते.

अशाच खंडणीखोर सॉफ्टवेअरसाठी ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची एक सोय आहे. अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फोटोंच्या आणि कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये बदल करू न देणे, हे तिचे काम. ती सहसा बंदच असते. ती चालू करावी. क्वचित एखाद्या चांगल्या प्रोग्रामलाही ती अडवते, तेव्हा त्याला हाताने परवानगी द्यावी लागते. हा त्रास सोसण्यासारखा आहे. दुसरे अँटिव्हायरस घातले की ही सोय चालत नाही, हेही लक्षात असावे. तरीही जुन्या फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढावी आणि काम झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. चाळीस वर्षांचे फोटो गेल्यावर ते कोणतेही अँटिव्हायरस परत आणून देत नाही, म्हणून हे काम या रविवारीच करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नातवासाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे वेगळे खाते उघडून द्यावे, म्हणजे संगणकभर बदल करणारे काहीही तुमच्या पासवर्डशिवाय बसवता येणार नाही. विकतचा गेम फुकट मिळवून देणाऱ्या ‘क्रॅक’ फाइलींसोबत बहुधा एक सूचना असते : ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ ती वाचली की तिथेच थांबायचे, एवढे त्याला शेजारी बसवून दाखवावे. निवृत्त शिक्षकाला हे सांगायला नको.

पेन ड्राइव्हचेही तसेच. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेन ड्राइव्ह उघडल्यावर आपल्या फोल्डरच्या जागी, कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असलेले शॉर्टकट दिसू लागले, तर त्यांवर क्लिक करू नये. मूळ फोल्डर बहुतेक वेळा तिथेच लपवलेले असतात आणि तो शॉर्टकट व्हायरसला चालू करतो. आधी पेन ड्राइव्हवर उजवे क्लिक करून डिफेंडरकडून तो तपासून घ्यावा.

विकतचे अँटिव्हायरस कोणी घ्यावे? डिफेंडर बरीचशी ओळख इंटरनेटवरून पटवते, त्यामुळे जिथे इंटरनेट दिवसदिवस नसते आणि कामे पेन ड्राइव्हवर चालतात, तिथे दुसऱ्या सॉफ्टवेअरचा विचार करण्यासारखा आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना अडचण आली की मराठीतून फोनवर बोलणारे कोणी हवे असेल, तर त्या सेवेसाठी मोजलेले पैसेही वाया जात नाहीत. फक्त ती सेवा खरोखर मिळते का, हे आधी विचारून घ्यावे. घ्यायचेच ठरले तर वरील दोन संस्थांचे ताजे निकाल पाहावेत, आणि त्यांत संगणक किती मंदावतो हा रकानाही वाचावा. तीन वर्षांऐवजी एकच वर्षाचे घ्यावे. पहिल्या वर्षीची किंमत सवलतीची असते आणि नूतनीकरणाची पुष्कळदा जास्त, म्हणून ऑनलाइन घेताना कार्डातून आपोआप पैसे वळते करण्याची संमती देऊ नये. व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणारी सेवा), ‘संगणक वेगवान करणारे’ ट्यूनअप यांसारख्या जोडवस्तूंसाठी जादा पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बँकेच्या खात्याबाबत एकच सांगतो : ओटीपी तुम्ही स्वतः कोणाला सांगितला, तर तो सांगण्यापासून कोणतेही सॉफ्टवेअर तुम्हाला अडवू शकत नाही.

प्रश्न : इंटरनेटवर पाककृती वाचताना अचानक पडदाभर लाल चौकट आली, भोंगा वाजू लागला आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहेत, या क्रमांकावर फोन करा’ असे दिसले. काय करावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फोन करू नये. खऱ्या अँटिव्हायरसच्या सूचनेत फोन क्रमांक नसतो. ही केवळ एक वेब पानावरची फसवणूक आहे आणि ती दिसली म्हणजे संगणकात व्हायरस शिरला असे नाही. एस्केप कळ दाबून पाहावी. चौकट हटली नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हा उघडताना मागची पाने परत आणू नयेत. फोन करून कोणाला आपला पडदा पाहू दिला असेल, तर लगेच इंटरनेट तोडावे आणि दुसऱ्या उपकरणावरून बँकेचा पासवर्ड बदलावा. पैसे गेले असतील, तर बँकेला कळवून त्याच घडीला १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.