लग्नाची फोटोग्राफी करायचीय? आधी एक सीझन दुसऱ्याच्या हाताखाली काढ

तू मला दादा म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात राहतोस, बीकॉमचं शेवटचं वर्ष आहे, हाताशी क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा जुना डीएसएलआर आणि १८-५५ किट लेन्स आहे. आता हप्त्यावर फुल फ्रेम बॉडी, म्हणजे मोठ्या सेन्सरचा नुसता कॅमेरा घेऊन तुळशीच्या लग्नानंतर ऑर्डरी घ्यायच्या का?

नको घेऊस. चातुर्मासात धंदा जवळपास झोपलेला असतो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. आहे त्या पैशांत एक बरा फ्लॅश, दोन चांगली मेमरी कार्डं आणि जमलं तर ३५ एमएमची लेन्स घे. सगळे तुला ५० एमएम १.८ सुचवतील. लेन्स झकास आहे, पण क्रॉप बॉडीवर ती ७५-८० एमएमसारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं. घरच्या अंगणातली हळद काढायला गेलास की पाठ भिंतीला टेकते आणि आत्या अर्धीच फ्रेममध्ये येते. बॉडी काय, पुण्यात भाड्याने मिळते.

मग एक अख्खा सीझन गावातल्या नाहीतर पुण्यातल्या चालत्या फोटोग्राफरकडे सेकंड, म्हणजे त्याच्या हाताखालचा दुसरा फोटोग्राफर म्हणून जा. पैसे कमी मिळतील. सुरुवातीला फ्लॅशचा स्टँड धरायला लावतील, तो धर. कॅमेरा घरी बसूनही शिकता येतो, लग्न कसं चालतं ते मांडवातच कळतं.

एक उदाहरण देतो. मंगलाष्टकं चालू असताना नवीन पोरं नवरीचे क्लोजअप काढण्यात रमतात. विधींच्या आधीच गुरुजींना नमस्कार करून विचारून ठेवायचं, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार? 'तदेव लग्नं' सुरू झालं की कापडाच्या रेषेत कडेला येऊन उभं राहायचं, म्हणजे अंतरपाट दूर होताना दोघांचे चेहरे एकाच फ्रेममध्ये मिळतात. तिथे मामा, करवली आणि मोबाइल उंचावलेले निम्मे पाहुणे आधीच उभे असतात, म्हणून जागा अगोदर धरायची. ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ ४ किंवा ५.६ ठेव, नाहीतर दोघांतला एक जण फोकसबाहेर जातो. शटर १/२००, बऱ्याच बॉडींचं फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सर्वांत वेगवान शटर, तेवढंच असतं. फोकसचा पॉइंट स्वतः निवड, कॅमेऱ्यावर सोडलंस तर तो उडत्या अक्षता पकडतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं आणि गुरुजी रिटेक देत नाहीत.

प्रकाशाचंही तसंच. फ्लॅशचं तोंड वर छताकडे करून उडवला की मांडवाचं गुलाबी कापड सगळ्यांचे चेहरे गुलाबी करतं, आणि तो रंग नंतर एडिटिंगमध्ये काढताना नाकी नऊ येतात. अशा वेळी कापडाचा नाद सोडून फ्लॅशवर छोटं पांढरं बाउन्स कार्ड लाव, म्हणजे उजेड त्यावरून परतून चेहऱ्यावर पडतो. हॉलमधल्या स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे दिसले तर शटर १/१०० वर आण, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि हे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

आता पैशाचं, कारण पोरं फोटोत सहसा मार खात नाहीत, इथे खातात. ओळखीतलं लग्न असलं तरी एक पानी करार कर. बुकिंगला काही रक्कम, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मोठा हिस्सा आणि उरलेली फोटो हातात देताना. शेवटचा हप्ता अल्बमला बांधू नकोस. 'निवडून देतो रे फोटो' म्हणणारं घर वर्षभर निवडत नाही, आणि तुझे पैसे त्या १२ बाय ३६ इंची पानांच्या करिझ्मा (डिझाइन करून छापलेल्या) अल्बमात अडकून पडतात. निवड ३० दिवसांत आली नाही तर अल्बमचा दर नव्याने ठरेल, हेही लिही.

त्याच कागदावर फोटोंच्या हक्काचं एक वाक्य घाल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक ते गिऱ्हाईक ठरतं. 'मी काढला म्हणजे माझा' हे लग्नाच्या ऑर्डरीत चालत नाही. इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगीही लेखी घे. पुष्कळ घरांत मुलीचे फोटो बाहेर गेलेले आवडत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

कार्ड मांडवात फॉरमॅट करायचं नाही, कितीही भरलं तरी. त्याच रात्री दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी, त्यातली एक दुसऱ्या घरी. जीएसटीची काळजी सध्या नको, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. बिलं मात्र पहिल्या ऑर्डरीपासून जपून ठेव.

ड्रोनचंही विचारलं होतंस. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे रिमोट पायलट प्रमाणपत्र, म्हणजे ड्रोन उडवण्याचा परवाना लागतो. गिऱ्हाइकाने हट्टच धरला तर प्रमाणपत्रवाला माणूस दिवसाच्या बोलीवर आण आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखव.