व्हाळातला कोणता दगड फुटेल?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या व्हाळात (ओढ्यात) दगडी हत्यारे घडवण्याजोगा दगड कसा ओळखावा?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : पाऊस सरून पाणी ओसरले की जा. चिरा म्हणजे जांभा दगड भुसभुशीत आणि सच्छिद्र, तो सोडाच. बारीक कणांचा, मुठीएवढा क्वार्टझाइटचा (गारेच्या कणांचा घट्ट, कठीण दगड) गोटा घ्या. दुसऱ्या गोट्याने हलकेच टकटक करा: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. मग कडेला तिरका ठोका द्या. निघालेल्या कपचीचा पोटाकडचा, म्हणजे गोट्यापासून सुटलेला, भाग शिंपल्यासारखा फुगीर हवा. साखरेसारखा चुरा पडला तर दगड टाकून द्या. पांढरी गारगोटी मोहात पाडते, पण आतल्या चिरांमुळे वेडीवाकडी फुटते.

डोळ्यांना चष्मा हवाच. धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून उघड्यावरच फोडा. म्हादई अभयारण्यातून मात्र परवानगीशिवाय दगडही उचलू नका.