चाळीस जागांचा हिशेब : शिकागो व्हाइट सॉक्सच्या हिवाळ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

२०२४ च्या हंगामात शिकागो व्हाइट सॉक्सने १६२ पैकी १२१ सामने गमावले. आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव त्याआधी कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. २०२५ मध्ये हा आकडा १०२ वर आला. असा नव्याने उभा राहणारा संघ घडतो किंवा बिघडतो तो बहुतांशी नोव्हेंबर ते जानेवारीत, मैदानं बंद असताना. त्या काळातल्या निर्णयांबद्दल आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत.

आयपीएलच्या रिटेन्शनसारखाच हा प्रकार आहे का? – एक वाचक, पुणे

नाही. हे आधी स्पष्ट झालं की पुढचं सोपं जाईल. आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि बहुतेक संघांची मांडणी पुन्हा पहिल्यापासून होते. मेजर लीगमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, लिलाव नाही. खेळाडूची मेजर लीगमधली ६ वर्षं भरेपर्यंत तो क्लबच्या ताब्यात असतो. पहिली साधारण ३ वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची ३ वर्षं लवादाच्या पद्धतीने ठरणाऱ्या पगारावर. त्यामुळे ट्रेडमध्ये, म्हणजे क्लबांमधल्या अदलाबदलीत, खरेदी-विक्री होते ती खेळाडूच्या उरलेल्या वर्षांची.

दुसरा भाग जागांचा. मायनर लीगचे (खालच्या पातळ्यांवरचे) सगळे धरून क्लबकडे दीडशेच्या वर खेळाडू असतात, पण मेजर लीगच्या रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) जागा फक्त ४०. त्यातले २६ प्रत्यक्ष संघात, आणि त्या २६ मध्ये पिचर (चेंडू टाकणारे) जास्तीत जास्त १३. हरणाऱ्या संघाचे जवळजवळ सगळे अवघड निर्णय या ४० जागांपाशी येऊन अडतात.

संघात एकच खरा अव्वल पिचर होता, गॅरेट क्रोशे. २०२४ च्या डिसेंबरात त्यालाच बोस्टनला देऊन टाकलं. २०२५ मध्ये त्याने स्ट्राइकआउटने २५५ बळी टिपले. ही चूक नाही का? – एक वाचक, नेपरविल, इलिनॉय

तुमची हळहळ रास्त आहे, पण माझ्या मते निर्णय बरोबर होता. क्रोशेवर क्लबचा ताबा उरला होता २ हंगामांचा, २०२५ आणि २०२६. ४१ सामने जिंकलेला संघ या दोन वर्षांत विजेतेपदाच्या शर्यतीत येणं जवळजवळ अशक्य. म्हणजे त्याची सगळ्यात मोलाची वर्षं हरणाऱ्या सामन्यांत खर्च झाली असती आणि शेवटी तो मोकळा होऊन निघून गेला असता. शिवाय जोखीम होती. २०२२ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेली, आणि २०२४ आधी मेजर लीगमधली त्याची सगळी कारकीर्द मिळून ७३ इनिंग भरत होती. २०२४ मध्ये एकदम १४६. हात आणखी एकदा दुखावला असता, तर हातात काहीच राहिलं नसतं.

मग जुलैतच, हंगामातल्या ट्रेडची मुदत संपण्याआधी, का नाही दिला? तेव्हा दोन अडचणी होत्या. त्या हंगामात त्याच्याकडून किती इनिंग टाकून घ्यायच्या हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं, आणि दीर्घ करार हाती नसताना प्लेऑफमध्ये जादा भार घ्यायला त्याच्या बाजूने नाखुषी होती. डिसेंबरात दोन्ही प्रश्न मिटले आणि गिऱ्हाइकंही वाढली. जुलैत घाई न करणं हीच मला या व्यवहारातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

बदल्यात चौघं आले : कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमेरी, इनफिल्डर चेस मीड्रॉथ आणि पिचर विकेलमन गोन्झालेझ. क्लबकडे नोआ शुल्ट्झ, हेगन स्मिथ असे तरुण पिचर आधीच होते, वानवा होती फलंदाजांची. आता जागांकडे पाहा. चौघांत ४० च्या रोस्टरवर फक्त गोन्झालेझ होता. म्हणजे एक गेला, एक आला, एकही जादा जागा लागली नाही. टीलने २०२५ च्या जूनमध्ये पदार्पण केलं, ७८ सामने खेळला आणि त्याचं ऑन-बेस प्रमाण (बॅटिंगला आल्यावर बेसवर पोचण्याचं) .३७५ राहिलं. त्याच्यावर आता अनेक वर्षांचा ताबा आहे. माँटगोमेरीला मात्र व्यवहार झाला तेव्हा व्यावसायिक बेसबॉलचा एकही सामना खेळायला मिळालेला नव्हता. या व्यवहाराचा अंतिम निकाल बराचसा त्याच्यावर ठरेल.

नोव्हेंबरात ‘अमुक खेळाडूला सुरक्षित केलं’ अशा बातम्या येतात. कुणापासून सुरक्षित? – एक वाचक, ठाणे

रूल फाइव्ह ड्राफ्टपासून. करार करताना १८ किंवा त्याहून कमी वय असेल, तर पाचव्या रूल फाइव्ह ड्राफ्टच्या आधी, आणि १९ किंवा जास्त असेल तर चौथ्याच्या आधी खेळाडूला ४० मध्ये घ्यावं लागतं. नाही घेतलं, तर डिसेंबरात दुसरा कोणताही क्लब त्याला १ लाख डॉलर भरून उचलू शकतो. मुदत नोव्हेंबरच्या मध्यास संपते.

अडचण आधीच सुरू झालेली असते. हंगामात ६० दिवसांच्या जखमी यादीवर टाकलेला खेळाडू ४० मध्ये मोजला जात नाही, पण वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम मालिका) संपल्यावर ५ दिवसांत त्या सगळ्यांना परत ४० मध्ये घ्यावं लागतं. ती यादी पुन्हा उघडते थेट फेब्रुवारीत, स्प्रिंग ट्रेनिंगला. म्हणून ऑक्टोबरअखेर ३४-३५ दिसणारा आकडा आठवड्याभरात ४० पार जातो. कागदावर मोजणी करायची तर या क्रमाने करा : आत्ताचे किती, त्यातून मोकळे होणारे फ्री एजंट वजा, जखमी यादीवरून परतणारे अधिक, मग सुरक्षित करायचे अधिक, आणि शेवटी रूल फाइव्हमधून स्वतः कुणाला घ्यायचं असेल तर त्याची एक रिकामी जागा. जागा रिकामी नसेल तर निवड करताच येत नाही. बातम्या वाचताना लोक नेमकं हे शेवटचं विसरतात.

कुणाला सुरक्षित करायचं, याचं उत्तर ‘सगळ्यात गुणी कोण’ हे नसतं. उचलणाऱ्या क्लबला तो खेळाडू वर्षभर २६ मध्ये ठेवावा लागतो, हे धरून विचार करायचा. एकोणीस-वीस वर्षांचा, खालच्या पातळीवर खेळणारा शॉर्टस्टॉप कितीही गुणी असला तरी त्याला मेजर लीगच्या बाकावर वर्षभर बसवणं अवघड. तो बहुधा वाचतो. पण डबल-एमध्ये (मायनर लीगची वरून दुसरी पातळी) ताशी ९७ मैलांनी टाकणारा, एक चांगला ब्रेकिंग बॉल (वळणारा चेंडू) असलेला रिलिव्हर (सामन्यात नंतर येणारा पिचर) कोणीही उचलेल, कारण बुलपेनमध्ये (रिलिव्हरांच्या ताफ्यात) कमी महत्त्वाच्या इनिंग देऊन त्याला लपवता येतं. कॅचरही जातात. उलट बाजूने, कच्च्या मुलाला फार लवकर ४० मध्ये घेतलं की त्याची ऑप्शनची, म्हणजे मायनरमध्ये मोकळेपणाने धाडता येण्याची, वर्षं झिजू लागतात. अशी वर्षं साधारण ३ मिळतात. ती संपली की त्याला वेव्हरवर (इतर क्लबांना घेण्याची संधी देणाऱ्या यादीत) न टाकता मायनरमध्ये धाडता येत नाही. २२ व्या वर्षी सुरक्षित केलेला मुलगा २५ व्या वर्षी नेमका तयार होत असताना हातचा जातो, तो यामुळे.

शेन स्मिथ अशाच ड्राफ्टमधून आला ना? तसा दुसरा कसा शोधायचा? – एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

हो. क्रोशेचा व्यवहार झाला त्याच दिवशी, ११ डिसेंबर २०२४ रोजी, रूल फाइव्हमधली पहिली निवड म्हणून मिलवॉकीकडून. २०२१ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलंही नव्हतं. २०२५ मध्ये तो ऑल-स्टार झाला आणि २९ सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला.

शोधायचा कुठे? भरलेल्या घरात. ज्या क्लबच्या ४० जागा चांगल्या खेळाडूंनी गच्च आहेत, त्याच्या दाराशी चांगला माणूस शिल्लक राहतो. स्मिथला बहुतेकांनी रिलिव्हर म्हणून पाहिलं असतं. व्हाइट सॉक्सने त्याला सुरुवातीचा पिचर म्हणून पुरेशी संधी दिली. १२१ पराभवांनंतर ती देणं परवडत होतं. पहिल्या फळीतला संघ एप्रिलमध्ये तीन वाईट सामने सोसत नाही.

ठेवण्याचे नियम कडक आहेत. संपूर्ण हंगाम २६ मध्ये किंवा जखमी यादीवर, आणि त्यातले किमान ९० दिवस प्रत्यक्ष सक्रिय. दिवस कमी पडले तर उरलेले पुढच्या हंगामात भरावे लागतात. बाल्टिमोरने २०१६ च्या डिसेंबरात घेतलेल्या अँथनी सँटेंडरचं असंच झालं. २०१७ बराचसा दुखापतीत गेला, उरलेले दिवस २०१८ मध्ये भरले, आणि दिवस भरताच त्याला मायनरमध्ये पाठवून घडवलं. २०२४ मध्ये त्याने बाल्टिमोरसाठी ४४ होम रन मारल्या. ठेवायचा नसेल तर खेळाडू आधी वेव्हरवर जातो, आणि कुणीच घेतला नाही तर मूळ क्लबला ५० हजार डॉलरमध्ये परत देऊ करावा लागतो. दोघांना एकाच वर्षी ठेवू नका असं मी म्हणेन. २६ मधल्या दोन जागा अशा अडकल्या की दमलेल्या बुलपेनला ट्रिपल-एमधून ताजा हात आणायला वाव उरत नाही.

माइक टॉकमन २०२५ मध्ये बरा खेळला, तरी नोव्हेंबरात त्याला नॉन-टेंडर केलं. का? – एक वाचक, शॉमबर्ग, इलिनॉय

नॉन-टेंडर म्हणजे पुढच्या वर्षाचा करार न देता मोकळं करणं. लवादाच्या टप्प्यातल्या खेळाडूचा पगार सहसा वाढतच जातो. क्लब स्वतःला तीन गोष्टी विचारतो : पुढच्या वर्षी हा किती घेईल, तेवढ्यात बाजारात काय मिळतं, आणि संघ जिंकू लागेल तेव्हा हा इथे असेल का? टॉकमन पस्तिशीला टेकलेला, पायाच्या दुखापतींनी त्रासलेला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं येतं. त्याच्या जागी चोविशीतल्या आउटफिल्डरला ४०० वेळा बॅटिंग देऊन काही कळणार असेल, तर ती माहितीच त्या जागेची किंमत.

पण हा नियम आंधळेपणाने लावला की मोठी चूक होते. २०१३ मध्ये १११ सामने हरलेल्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०१४ च्या मार्चमध्ये जे. डी. मार्टिनेझला सोडून दिलं. हिवाळ्यात त्याने आपला स्विंग मुळापासून बदलला होता. स्प्रिंगमध्ये त्याला बॅटिंगची संधी मिळाली १८ वेळा. डेट्रॉइटने त्याला घेतलं आणि त्याच वर्षी त्याने .३१५ च्या सरासरीने २३ होम रन मारल्या. ॲस्ट्रोजने मागच्या वर्षीचे आकडे पाहिले, नवा स्विंग पाहिला नाही. खेळाडूने तंत्र बदललं असेल तर जुने आकडे बाजूला ठेवून त्याला किमान महिनाभर खेळवून पाहा. हरणाऱ्या संघाकडे एवढा वेळ असतोच.

वर्षभराच्या करारावर जुने खेळाडू आणायचे कशाला? तरुणांना खेळवा ना! – एक वाचक, नाशिक

कारण मायनरमध्ये १२० इनिंग टाकणाऱ्या पोराकडून लगेच १८० टाकून घेता येत नाहीत. हंगामात संघाला १,४०० हून जास्त इनिंग भरायच्या असतात. त्या कुणीतरी टाकल्या नाहीत, तर तरुणांचे हात झिजतात.

शिवाय जुलैत त्याच माणसाचा उपयोग होतो. पिचर एरिक फेडीला कोरियातून २ वर्षांच्या, १ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर आणलं. २०२४ च्या जुलैत तीन क्लबच्या व्यवहारात त्याच्यासह काही खेळाडू देऊन मिगेल व्हार्गास आणि दोन तरुण मिळाले. एड्रियन हाउझर २०२५ च्या मेमध्ये आला, ११ सामने टाकले, आणि जुलैअखेर टँपा बेने त्याच्या बदल्यात कर्टिस मीड आणि दोन पिचर दिले. प्रत्येक डाव लागत नाही. मार्टिन पेरेझवरही २०२५ साठी असाच डाव लावला होता, पण एप्रिलमध्येच त्याचा हात दुखावला आणि जुलैत विकायला तो उरला नाही. म्हणून एकावर ५० लाख लावण्यापेक्षा तिघांवर वाटून लावणं मला पटतं.

लुईस रॉबर्टला २०२६ साठी २ कोटी डॉलर देण्याचा पर्याय क्लबने का स्वीकारला? तो २०२३ चा रॉबर्ट आता राहिलेला नाही. – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

खरी रक्कम २ कोटी नव्हती. नकार दिला असता तरी २० लाख द्यावेच लागणार होते, म्हणजे प्रश्न १ कोटी ८० लाखांचा. तेवढ्यात वेगवान सेंटर फिल्डर बाजारात सहज मिळत नाही, आणि घेणाऱ्याला २०२७ चाही तसाच पर्याय मिळत होता. २०२६ च्या जानेवारीत न्यूयॉर्क मेट्सने पगारासकट त्याला घेतलं, आणि लुईसएंजल अकुन्या व तरुण पिचर ट्रूमन पॉली दिले. मात्र २०२३ च्या हंगामानंतर, ३८ होम रनचं वर्ष ताजं आणि ताब्याची ४ वर्षं शिल्लक असताना, याच्या कितीतरी पट मिळालं असतं. क्रोशेच्या बाबतीत थांबणं फळाला आलं, इथे महाग पडलं.

१२१ पराभव होऊनही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहावा क्रमांक कसा? – एक वाचक, नागपूर

नव्या खेळाडूंच्या या ड्राफ्टमध्ये हरणाऱ्या संघांना आधी निवड मिळते, पण पहिले ६ क्रमांक सोडतीने ठरतात. महसूल-वाटपात पैसे भरणाऱ्या क्लबला लागोपाठ दोन वर्षं सोडतीतला क्रमांक घेता येत नाही, आणि अपात्र क्लब दहाव्याच्या वर जाऊ शकत नाही. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सने पाचव्या क्रमांकावर हेगन स्मिथला घेतलं होतं. २०२६ साठी ते पुन्हा पात्र ठरले आणि सोडतीत पहिला क्रमांक त्यांनाच लागला.

तयार असलेल्या मुलाला एप्रिलमध्ये दोन-तीन आठवडे खाली का ठेवतात? – एक वाचक, नेपरविल, इलिनॉय

हंगाम साधारण १८७ दिवसांचा, आणि १७२ दिवस भरले की सेवेचं, म्हणजे ताब्याच्या ६ वर्षांतलं, एक वर्ष. १७१ वर रोखलं की क्लबला ताब्याचं आणखी एक वर्ष मिळतं. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला आणलं, त्याचे बरोबर १७१ दिवस भरले. त्याने तक्रार केली आणि ती २०२० मध्ये फेटाळली गेली.

क्लब आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या करारानंतर हे गणित बदललं. रूकी ऑफ द इयरच्या (सर्वोत्तम नवोदिताच्या पुरस्काराच्या) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला उशिरा येऊनही पूर्ण वर्ष मिळतं. बाल्टिमोरच्या ॲडली रचमनला २०२२ मध्ये तसं मिळालं, तो तर २१ मेला आला होता. उलट, नामांकित तरुणाला पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि तो हा पुरस्कार जिंकला, तर क्लबला पहिल्या फेरीनंतर एक जादा निवड मिळते. सिएटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे ती मिळाली. त्यामुळे शंभर नामांकितांच्या याद्यांत असलेला मुलगा मार्चमध्ये तयार असेल तर त्याला पहिल्याच दिवशी आणावं. याद्यांबाहेरच्या मुलाला जादा निवडीचा नियम लागू नाही. त्याच्या बाबतीत क्लब अजूनही १७२ पर्यंत मोजतात, आणि तुम्हाला एप्रिलमध्ये दिसतं ते बहुधा हेच.