रॉटरडॅमच्या दुकानातली द्राक्षं

निफाड, जि. नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या संगणक खोलीसाठी तू पाठवलेले पैसे मिळाले. संगणक आले, त्यांवर कापड घातलं, खोलीला कुलूप लागलं. शिकवायला माणूसच नाही. "आणखी किती पाठवू?" असं तू विचारलंस, म्हणून हे मोकळेपणाने लिहितो. आता पैसे पाठवू नकोस. तुझे डोळे दे, आणि रविवारचा एक तास.

2010 साल तुला आठवणार नाही, लहान होतास. युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. वेलीची वाढ रोखायला आपण सीसीसी फवारायचो, त्याचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच! माझ्या बागेचे पैसे त्या वर्षी बुडाले, शेजारच्यांचे तर किती तरी. तिथे काय तपासतात हे सांगणारं आपलं माणूस तेव्हा कुणाच्या ओळखीत नव्हतं. आज तू नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात आहेस, जिथे आपली पेटी बोटीतून उतरते.

तर जानेवारी ते एप्रिल, बाजारहाटाला जाशील तेव्हा द्राक्षांपाशी दोन मिनिटं थांब. देठ हिरवा आहे की वाळलाय? मणी गळतायत का, तडकलेत का? शेजारी दक्षिण आफ्रिकेचा माल कसा दिसतो, भाव काय लावलाय? फोटो काढून गावातल्या बागाईतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाक. "माल खराब पोचला" म्हणून पैसे कापले जातात, तेव्हा शेतकऱ्याकडे पडताळायला काहीच नसतं. तुझा एक फोटो त्याला बोलायचं बळ देईल. मला हे देणगीपेक्षा मोठं वाटतं, अगदी मनापासून.

एक मात्र जप. तिथलं जसंच्या तसं इथे लादू नकोस, आधी विचार. दूरसंचार तंत्रज्ञ सॅम पित्रोदा अमेरिकेतून आले, 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था उभी राहिली. तिथे खेड्यांसाठी जे टेलिफोन एक्स्चेंज घडवलं, ते आपल्या उन्हात आणि धुळीत, एसीशिवाय चालणारं होतं. इथली गरज आधी पाहिली, म्हणूनच ते टिकलं.

आणि तो तास दहावी-बारावीच्या मुलींसाठी. परदेशी शिक्षणाच्या नावाखाली एजंट इथल्या आईबापांना जमिनी विकायला लावतात. तू खरं सांग: खोलीचं भाडं किती, पहिल्या हिवाळ्यात किती रडलास, अर्ज स्वतः कसा भरायचा. शिष्यवृत्त्या असतात हेही त्यांना माहीत नसतं. इंग्रजीची भीती तुलाही होती, ते आधी सांग.

खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. तुझ्याकडे दुपारचे दोन वाजतात तेव्हा हिवाळ्यात इथे साडेसहा. येत्या रविवारी मी कुलूप काढून, मुलींना घेऊन बसतो.

तुझा,
गुरुजी